तीन डॉक्टर, तीन फुगे

तासगाव तालुक्यातून एका मुलीचं पत्र आलंय. थोडं आवरून देतो.

"डॉक्टरकाका, नमस्कार. माझं माहेर तासगाव तालुक्यात, सासर पलूसला. आबांचं, म्हणजे वडिलांचं, वय ६६. द्राक्षबाग आहे, बेदाणा करतात. २०१६ साली अ‍ॅटॅक आला तेव्हा हृदयाच्या उजव्या नळीत स्प्रिंग, म्हणजे स्टेंट, टाकली. नुसत्या स्प्रिंगचे सव्वा लाख मोजले होते. नऊ वर्षं काही त्रास नव्हता. आता तीन महिने झाले, बागेकडचा चढ चढताना छाती भरून येते, थांबलं की दोन-तीन मिनिटांत जाते. अँजिओग्राफी केली. जुन्या स्प्रिंगमध्ये ८० टक्के आणि डाव्या बाजूच्या मोठ्या नळीत ७५ टक्के ब्लॉक आहे, तिथे 'कॅल्सिफाइड' (कॅल्शियम साचलेलं) असं लिहिलंय. सांगलीचे डॉक्टर म्हणाले, दोन स्टेंट टाकू. कोल्हापूरचे म्हणाले, औषधाचा फुगा मारू, पुन्हा धातू नको. दादा सीडी घेऊन पुण्याला गेला, तिथले म्हणाले, शॉकवेव्हचा फुगा लागेल, खर्च बराच येईल. आबा म्हणतात, फुगा ही जुनी पद्धत, आणि ऑक्टोबर छाटणी उरकल्याशिवाय मी कुठं येणार नाही. कोणता फुगा सगळ्यात चांगला ते सांगा, आम्ही तोच करू."

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि सोबतचा रिपोर्ट तीनदा. तिन्ही डॉक्टर एकमेकांना खोडून काढतायत असं तुम्हाला वाटतंय. मला तसं दिसत नाही. आबांच्या हृदयात दोन अडचणी आहेत, त्या दोन वेगळ्या नळ्यांत आहेत आणि दोघींची जात वेगळी आहे. कोल्हापूरचे डॉक्टर बहुतेक उजव्या नळीतल्या जुन्या स्प्रिंगबद्दल बोलत होते. पुण्याचे डाव्या नळीतल्या कॅल्शियमबद्दल. आणि सांगलीच्या डॉक्टरांनी मधलं काही न सांगता एकदम शेवट सांगितला. ओपीडीत बाहेर तीस पेशंट बसलेले असतात, आत पाच मिनिटं मिळतात. त्या पाच मिनिटांतलं अर्धं वाक्य तासगावच्या एसटीत बसून घरी पोचेपर्यंत 'मत' होतं.

माझ्याबद्दल आधीच सांगतो. मी हृदयरोगतज्ज्ञ नाही. सांगलीच्या विश्रामबागेत तेहतीस वर्षं फॅमिली डॉक्टरकी केली, शेकडो पेशंट मिरजेला आणि सांगलीतच कॅथ लॅबला, म्हणजे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी होते तिथं, पाठवले. आणि माझ्या स्वतःच्या छातीत एक स्प्रिंग आहे, तिच्यात पुढे औषधाचा फुगाही मारून झालाय. त्यामुळे यातलं थोडं पुस्तकातून येतंय आणि थोडं टेबलावर उताणं पडून बघितलेलं आहे. सीडी मी पाहिलेली नाही, तेव्हा शेवटचा शब्द ती पाहणाऱ्यांचाच.

आबांच्या डोक्यातलं चित्र आधी बदलायला हवं. प्रत्येक बागायतदाराच्या डोक्यात ते असतं, कारण त्यांनी ठिबक पाहिलेलं असतं. नळीत क्षार साचला, अ‍ॅसिड सोडलं, पाणी मारलं, नळी मोकळी. हृदयाच्या नळीत घाण अशी आतून पडून राहिलेली नसते. ती भिंतीच्या जाडीत मुरलेली असते, वर पातळ अस्तर असतं. फुगा ती घाण बाहेर काढत नाही. तो भिंतीला आतून रेटतो, घट्ट झालेल्या थराला चिरा पाडतो, घाण बाजूला सारतो आणि रक्ताला वाट करून देतो. म्हणजे प्रत्येक फुगा थोडी जखम करतोच. ती किती, कुठे आणि भरताना काय होतं, यावरच या सगळ्या फुग्यांचा इतिहास चाललाय. (आणि ते कॅल्शियम बोअरच्या खाऱ्या पाण्यामुळे आलेलं नाही. दर आठवड्याला कुणीतरी मला हे विचारतं. दूध आणि दही बंद केलं असेल तर परत सुरू करा.)

फुगा ही जुनी पद्धत, हे आबांचं म्हणणं एका अर्थी खरं आहे. १६ सप्टेंबर १९७७ ला झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुन्टझिग या डॉक्टरनं जागेपणी असलेल्या माणसाच्या हृदयाच्या नळीत पहिल्यांदा फुगा फुगवला. फुगे त्यानं घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तयार केलेले. पेशंट ३८ वर्षांचा होता. दहा वर्षांनी त्याची नळी पुन्हा तपासली तेव्हाही ती उघडी होती. पण सगळ्यांचं नशीब तसं नव्हतं. नुसत्या फुग्यानं उघडलेल्या नळ्यांपैकी तिसरा हिस्सा, काही ठिकाणी जवळजवळ निम्म्या, सहा महिन्यांत पुन्हा अरुंद व्हायच्या. काही तर टेबलावरच बंद पडायच्या, म्हणून शेजारी बायपासची टीम तयार ठेवावी लागायची. १९८६ मध्ये फ्रान्समध्ये तुलूझला जाक प्युएलनं पहिला स्टेंट बसवला, म्हणजे आपली स्प्रिंग. नळी मिटायची थांबली, पण धातूच्या जाळीतून आतलं मांस वाढून ती परत भरायची. २००२-०३ च्या सुमाराला जाळीवर औषध लावलेले स्टेंट आले आणि ते प्रमाण शंभरात दहाच्या खाली गेलं. आज देशभर बसतात ते बहुतेक हेच.

मग फुगा परत का आला? कारण स्टेंटसाठी सुद्धा आधी फुगाच लागतो, आणि स्टेंट जिथं नकोसा असतो तिथं आता फुग्यालाच औषध लावता येतं. आबांना विचारा, छाटणीची कात्री घेऊन ते घडाची विरळणी करतात का? दोन्ही कात्र्याच. माझं सगळं म्हणणं एवढ्यावर आहे, की 'कोणता फुगा चांगला' हा प्रश्न सोडा. 'ही नळी कशानं अडली आहे' हे विचारा. त्याचं उत्तर मिळालं की फुगा आपोआप ठरतो.

माझ्यावरून सांगतो. २०१० साली मला स्टेंट बसला. कुठं, कुणी, ते लिहीत नाही. काम झटपट झालं, तिसऱ्या दिवशी मी दवाखाना उघडला आणि लोकांना अभिमानानं सांगत सुटलो, पंचवीस मिनिटांत काम फत्ते. २०१९ ला आयर्विन पुलावरून चालताना छातीत तोच ओळखीचा दगड. पुन्हा अँजिओग्राफी, जुन्या स्टेंटमध्येच ब्लॉक. या वेळचा डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचा. तो म्हणाला, "सर, लगेच काही करत नाही. आधी आतून बघतो." त्यानं ओसीटी केली. केसासारखी बारीक तार नळीत जाते आणि प्रकाशानं आतली भिंत दाखवते. पडद्यावर कापलेल्या काकडीच्या चकतीसारखं चित्र येतं, त्यात स्टेंटच्या तारा चमकत्या टिकल्यांच्या कड्यासारख्या दिसतात. माझ्या कड्याचा गोल एका ठिकाणी चेपलेला होता. तीन मिलिमीटरचा स्टेंट तिथं दोनपर्यंतसुद्धा उघडला नव्हता, आणि मागे कॅल्शियमची काळसर पट्टी. नऊ वर्षांपूर्वी ती कडक जागा मऊ न करताच वर स्टेंट फुगवून ठेवला होता. मी ज्या झटपटीचं कौतुक करत फिरलो, तीच मला भोवली.

मग त्यानं जाड भिंतीचा, न ताणणारा फुगा घेतला. याला हे लोक 'एनसी' म्हणतात. साधा फुगा दाब वाढवला की मऊ बाजूला फुगतो आणि कडक जागा तशीच राहते, डमरूसारखी. एनसी ठरलेल्या मापापुढे जात नाही, म्हणून सगळा जोर कडक जागेवर पडतो. तंत्रज्ञाच्या हातात पिचकारीसारखं यंत्र असतं, त्यावर गोल काटा. आत हवा नसते, एक्स-रेत दिसणारं द्रव असतं. "बारा... सोळा... अठरा... वीस, धरा." आबांना फवारणीच्या पंपाचा काटा माहीत आहे, तो किलोत असतो. एक किलो म्हणजे जवळपास एक अ‍ॅटमॉस्फिअर. मोटारीच्या चाकात असा सव्वादोनचा दाब असतो. तेव्हा तीन मिलिमीटरच्या नळीत वीस म्हणजे किती, ते त्यांना न सांगता कळेल. पडद्यावर फुग्याची कंबर दिसत होती, ती एकदम सुटली. मग औषधाचा फुगा आला आणि मिनिटभर फुगवून ठेवला. त्या मिनिटात नळी पूर्ण बंद असते, त्यामुळे पुलावरचं तेच दुखणं छातीत परत आलं. मी घड्याळ शोधत होतो. नर्स म्हणाली, "काका, चाळीस झाले." फुगा उतरला, दुखणं गेलं. पेशंटला हे आधी सांगितलेलं असलं तर तो घाबरत नाही. आबांना सांगून ठेवा.

आता हा औषधाचा फुगा म्हणजे नक्की काय. फुग्याच्या अंगावर औषधाचा लेप असतो. बऱ्याच फुग्यांवर पॅक्लिटॅक्सेल असतं. मुळात ते कॅन्सरचं औषध, एका झाडाच्या सालीत सापडलेलं. पेशींची वाढ रोखतं, म्हणून जखम भरताना जास्तीचं मांस वाढत नाही. काहींवर सिरोलिमस असतं, तसला एक फुगा आपल्याकडे सुरतेत तयार होतो. फुगा रक्तात शिरल्यापासून औषध धुऊन जायला लागतं, म्हणून तो पटकन जागेवर न्यावा लागतो आणि एकदाच वापरता येतो. हा फुगा नळी उघडत नाही. उघडण्याचं काम आधीच्या फुग्यानं करून ठेवायचं, हा फक्त औषध लावून निघून येतो. आधीचं काम नीट झालं नसेल, तीस टक्क्यांहून जास्त अडथळा उरला असेल किंवा चीर मोठी पडली असेल, तर औषधाच्या फुग्यावर भागवायचं नाही.

जुन्या स्टेंटमध्ये याचा उपयोग सगळ्यात पक्का आहे. अमेरिकेत हृदयासाठीच्या अशा पहिल्या फुग्याला २०२४ च्या मार्चमध्ये परवानगी मिळाली, युरोपात आणि आपल्याकडे तो त्याच्या कितीतरी आधीपासून वापरात आहे. त्या अमेरिकन चाचणीत स्टेंट परत भरलेले ६०० पेशंट होते. वर्षभरात पुन्हा बिघाड झाला तो औषधाच्या फुग्यावर १७.९ टक्के आणि साध्या फुग्यावर २८.६ टक्के. म्हणजे साध्यापेक्षा चांगला, यात शंका नाही. पण सांगलीचे डॉक्टर म्हणतात तसा दुसरा स्टेंट आत घातला तर? दहा चाचण्यांमधले १९७६ पेशंट एकत्र करून ते पाहिलं गेलंय. तीन वर्षांत त्याच जागी पुन्हा काम करावं लागलं ते फुग्यावर १६ टक्क्यांना, स्टेंटवर १२ टक्क्यांना. आणि जुना स्टेंट औषधाचा असेल तर स्टेंटचं पारडं थोडं जास्तच जड होतं. म्हणून सांगलीच्या डॉक्टरांना मागासलेले समजू नका. दुसरीकडे, धातूवर धातू चढवला की नळीचा आतला गोल तेवढा कमी होतो, आणि तिसऱ्यांदा अडली तर जागा उरत नाही. कोल्हापूरच्या डॉक्टरांचं म्हणणं त्यातून आलंय. दोन्ही बाजूंना वजन आहे. पण दोघांच्याही आधीचा प्रश्न तोच, जो मला नऊ वर्षं उशिरा विचारला गेला: स्टेंट का अडला? चेपलेला राहिला म्हणून, मांस वाढलं म्हणून, की आत नवी चरबी साचली म्हणून? चेपलेला असेल तर औषधाचा फुगा मारा नाहीतर दुसरा स्टेंट घाला, चेप तशीच राहणार.

डावी नळी वेगळी. ती मोठी आहे, हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त देते, तिथं आधी काही बसवलेलं नाही. 'परत धातू नको' हा विचार इथं ओढून आणू नका. तीन मिलिमीटरहून बारीक फांद्यांमध्ये औषधाचा फुगा स्टेंटच्या बरोबरीनं चालतो, हे २०१८ साली स्वित्झर्लंड-जर्मनीकडच्या ७५८ पेशंटच्या चाचणीत दिसलं. त्या यशानंतर चीनमध्ये सगळ्या मापांच्या नव्या ब्लॉकमध्ये, २२७२ पेशंटवर, हाच प्रयोग केला. २०२४ मध्ये निकाल आला: दोन वर्षांत बिघाड फुग्याकडे ६.४ टक्के, स्टेंटकडे ३.४. त्यामुळे एवढ्या मोठ्या नळीत नुसत्या औषधाच्या फुग्यावर थांबायला मी माझ्या भावाला तरी सांगणार नाही.

तिथला प्रश्न कॅल्शियमचा. शॉकवेव्ह ही कल्पना मुतखड्यावरून आली. मुतखडा बाहेरून ध्वनीच्या तडाख्यांनी फोडतात तेच इथं फुग्याच्या आतून करतात. फुगा अगदी हलका, चार अ‍ॅटमॉस्फिअरवर फुगवतात, म्हणजे भिंतीला नुसता टेकेल इतका. मग आतल्या ठिणग्यांमधून सेकंदाला एक तडाखा, एका दमात दहा. मऊ भागाला धक्का लागत नाही, कॅल्शियमला बारीक तडे जातात. कधी कधी हृदय त्या तडाख्यांच्याच तालावर ठोके देतं, मॉनिटरवर ते पाहताना गंमत वाटते, धोका सहसा नसतो. नंतर स्टेंट बसवावा लागतोच. हे दादाला नीट सांगा. शॉकवेव्ह म्हणजे 'स्टेंटऐवजी' असं काही नाही, तो स्टेंटच्या आधीची मशागत आहे. पुण्याचे आणि सांगलीचे डॉक्टर इथं एकाच ठिकाणी येतात.

कॅल्शियम लिहिलंय म्हणजे शॉकवेव्ह हवंच, असंही नाही. अँजिओग्राफीत दिसणारी पांढरी रेघ किती खोल, किती जाड आणि नळीला किती वेढून आहे हे बाहेरून कळत नाही. पाव वेढा असेल तर माझ्यासारखं एनसी फुग्यानंही भागतं. पूर्ण कडं असेल, जाड असेल, तर शॉकवेव्हचे पैसे वसूल. अमेरिकेत दोन हजारांवर पेशंटमध्ये, हिऱ्याची पूड लावलेल्या फिरत्या टोकानं कॅल्शियम घासून मग स्टेंट, की साध्या फुग्यानं उघडून मग स्टेंट, अशी तुलना झाली. वर्षानंतर दोन्हीकडे जवळपास सारखंच. ती शॉकवेव्हची चाचणी नव्हती, पण महागडं हत्यार प्रत्येकाला लागतंच असं नाही, एवढं त्यातून दिसतं. बारीक पाती लावलेला कटिंग बलून आणि तारेचा पीळ असलेला स्कोअरिंग बलून हेही याच कुळातले. कटिंगचा तर सुरुवातीला फार गाजावाजा झाला होता. १२३८ पेशंटमध्ये साध्या फुग्याशी तुलना केली तर पुन्हा अडण्याचं प्रमाण ३१ आणि ३० टक्के. गाजावाजा शमला, पण जुन्या स्टेंटमधलं वाढलेलं मांस चिरायला, फुगा घसरू नये म्हणून ही हत्यारं आजही कामाची आहेत.

त्यामुळे तिघांपैकी ज्यांच्याकडे जाल त्यांना एकच विचारा: "आतून बघून करणार का?" ओसीटी किंवा आयव्हीयूएस (प्रकाशाऐवजी ध्वनिलहरींनी आतून बघणं), दोन्हींपैकी काहीही. कोरियात अवघड ब्लॉकच्या १६३९ पेशंटमध्ये आतून पाहून केलेल्यांत बिघाड ७.७ टक्के होता आणि नुसत्या अँजिओग्राफीवर १२.३. फुग्याच्या जातीनं एवढा फरक क्वचितच पडतो. डॉक्टर "हो" म्हणाले आणि "आत जे दिसेल त्याप्रमाणे फुगा ठरवू" म्हणाले, तर ते टाळाटाळ करत नाहीयेत. ते सगळ्यात प्रामाणिक उत्तर आहे.

एक गोष्ट पत्रात नाही. आबांना साखर आहे का? असेल, तर टेबलावर चौथं मत यायला हवं, ते बायपासचं. २०१२ च्या एका मोठ्या चाचणीत साखर असलेल्या आणि एकापेक्षा जास्त नळ्या अडलेल्या १९०० पेशंटमध्ये पाच वर्षांनी बायपासवाले सरस ठरले. आबांच्या दोनच नळ्या अडल्या आहेत, त्यामुळे लगेच घाबरायचं कारण नाही, पण विचारलं नाही असं होऊ नये. क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या तपासणीचा, रिपोर्टही सोबत न्या, एक्स-रेत दिसण्यासाठी नळीत सोडतात त्या डायमुळे किडनीवर ताण येतो. आणि दात काढणं, हर्निया, प्रोस्टेट असं काही लांबणीवर टाकलं असेल तर आधी सांगा. स्टेंटनंतर रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या साधारण सहा महिने चालतात, नुसत्या औषधाच्या फुग्यानंतर बहुतेक महिनाभर. अधेमधे त्या बंद करणं धोक्याचं असतं.

पैशाचं. २०१६ ला सव्वा लाख मोजलेत, वाईट वाटलं. पुढच्याच फेब्रुवारीत सरकारनं औषधाच्या स्टेंटची किंमत २९,६०० वर बांधली. नंतर ती थोडीफार खालीवर होत आलीय, पण लाखाच्या गोष्टी संपल्या. फुग्यांना मात्र अशी मर्यादा नाही, आणि शॉकवेव्हचा फुगा स्टेंटहून कितीतरी महाग पडतो. म्हणून अंदाजपत्रक लेखी घ्या, त्यात 'बलून' एवढंच नको, कोणता आणि किती ते लिहून घ्या, आणि आत बघून गरज पडली नाही तर तो बिलातून वजा होईल का हेही विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता सगळे रेशनकार्डधारक येतात, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. तीनपैकी कुठलं हॉस्पिटल योजनेत आहे, आणि स्टेंटबरोबर हे खास फुगे पॅकेजमध्ये बसतात का, ते तिथल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. दाखल झाल्यावर विचारून उपयोग नसतो.

राहता राहिली छाटणी. चढावर दुखतं, थांबलं की जातं, तीन महिने तेवढंच आहे: याला घाई नाही, हे मी मुद्दाम लिहितो. २०२० मध्ये ५१७९ स्थिर पेशंटची मोठी चाचणी आली. लगेच फुगा-स्टेंट-बायपास करणारे आणि आधी गोळ्यांवर राहणारे, यांच्या मरणात किंवा अ‍ॅटॅकमध्ये फरक पडला नाही, छातीचं दुखणं मात्र पहिल्या गटात जास्त कमी झालं. म्हणजे आबांचा हा कार्यक्रम मुख्यतः चढ परत चढता यावा म्हणून आहे. दोन-चार आठवडे शांतपणे ठरवायला हरकत नाही, गोळ्या चोख चालू ठेवून.

पण 'छाटणी उरकली की येतो' याला मी हसलो. तासगावात राहून आबा हे कुणाला सांगतायत? छाटणी झाली की पेस्ट, मग फूट, डाऊनीच्या फवारण्या, पाऊस आला तर रात्रीसुद्धा ब्लोअर, डिपिंग, विरळणी, आणि मग बेदाण्याचं शेड मार्चपर्यंत. छाटणीनं बाग मोकळी होत नाही, तिथूनच तर धावपळ सुरू होते. मनगटातून अँजिओप्लास्टी झाली तर माणूस एक-दोन दिवसांत घरी येतो आणि काही दिवसांत हलकं काम करतो. ती सप्टेंबरात उरकली तर ऑक्टोबरला आबा खुर्ची टाकून छाटणीवर देखरेख करतील. तेवढ्यात दुखणं वाढलं, कमी चालण्यावर यायला लागलं, बसल्या-झोपल्या आलं, घाम फुटला, पाच मिनिटांत थांबलं नाही, तर मग पुणे नाही, कोल्हापूर नाही, दादाची वाट नाही. १०८ लावा आणि सांगली-मिरजेतली जी कॅथ लॅब जवळ असेल तिथं थेट. जिभेखालची गोळी आबांच्या बंडीच्या खिशात असू द्या, बागेच्या खोलीत नको. आणि ती बसूनच घ्यायची, उभ्यानं घेतली की चक्कर येते.

आणि जाताना एक काम करा. २०१६ ची फाइल शोधा. सोप्यातल्या कपाटात असेल, नाहीतर माळ्यावर बेदाण्याच्या पेटीत. तिच्यात एक छोटं स्टिकर चिकटवलेलं असतं, बारकोड आणि आकड्यांचं. स्टेंट कुठल्या जातीचा, किती जाडीचा, किती लांबीचा हे त्यावर लिहिलेलं असतं. त्याच्याशी ताडून बघितलं तरच आतून बघणाऱ्याला कळेल की आबांची स्प्रिंग जेवढी उघडायला हवी होती तेवढी उघडली होती का. माझ्या फाइलमध्ये ते नव्हतं.